निदेशक, अंशकालीन कला

शाळेत ठरावीक तासांपुरता येऊन चित्र, संगीत वा हस्तकला शिकवणारा कलावंत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या, शंभराहून अधिक पट असलेल्या शाळांना कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक देण्याचे मानक घातले. पद कंत्राटी, मोबदला मानधनाचा. त्यामुळे बहुतेकांना फलक रंगवणे, मूर्तिकाम किंवा शिकवण्या जोडधंदा म्हणून कराव्या लागतात. एलिमेंटरी व इंटरमीजिएट या रेखाकला परीक्षांची तयारीही अनेकदा याच हातांनी होते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने स्थानिक कलावंतांना शाळेत निदेशक म्हणून नेमण्याची शिफारस केली. धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूरला हे विशेष लागू पडते. तुळजाभवानीच्या गोंधळात वाजणारे संबळ ही दोन चर्मवाद्यांची जोडी. ती कमरेशी बांधून काठ्यांनी वाजवतात आणि एका काठीचे टोक वाकडे असते. त्या काठीचा आघात वहीत लिहून कळत नाही, वाजवणाऱ्याच्या शेजारी उभे राहूनच शिकावा लागतो. सोबत तुणतुणे, झांज आणि रात्रभर चालणारे कथागायन. एवढी विद्या असलेल्या गोंधळ्याला पदविका नाही म्हणून शाळेबाहेर ठेवणे अन्यायाचे आहे. शाळांनी त्याला वर्गात बोलवावे आणि योग्य मानधन वेळेवर द्यावे.