जपानच्या सुनेची गोष्ट

"आमच्यात आईबापाला बाहेर ठेवत नाहीत." आपल्या मोहल्ल्यात हे वाक्य अभिमानाने म्हटलं जातं आणि त्यामागची भावना खरीच असते. पण डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्या बुजुर्गाची खिदमत घरात नेमकं कोण करतं, हे त्या वाक्यात येत नाही. पन्नास वर्षांपूर्वी जपानी समाजही हेच म्हणत होता. म्हणून तिथला इतिहास पाहू या.

१९७० मध्ये जपानमध्ये पासष्टी गाठलेले लोक शंभरात सात होते. आज ते एकोणतीसच्या आसपास आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे कुटुंबप्रमुखाची कायदेशीर सत्ता संपली, पण म्हाताऱ्यांची सेवा थोरल्या सुनेकडेच राहिली. १९७२ मध्ये सावाको आरियोशी यांची 'कोकोत्सु नो हितो' ही कादंबरी आली. त्यात नोकरी करणारी सून भ्रमिष्ट सासऱ्याला सांभाळते आणि त्याचा सख्खा मुलगा मात्र अंग काढून घेतो. कादंबरीच्या लाखो प्रती खपल्या. घराघरातलं दुखणं पहिल्यांदाच उघड बोललं जाऊ लागलं.

१९७३ मध्ये सरकारने सत्तरीपुढच्यांना मोफत औषधोपचार दिले. परिणाम असा झाला की राहायची दुसरी सोय नसलेले म्हातारे इस्पितळांत महिनोन्‌महिने पडून राहू लागले. भटकू नयेत म्हणून कित्येकांना खाटेला बांधलं जाई. म्हणजे एकीकडे थकलेली सून आणि दुसरीकडे इस्पितळातली खाट, एवढेच दोन पर्याय होते.

१९८० मध्ये क्योतोत अशा रुग्णांच्या कुटुंबीयांनी आपली संघटना काढली. त्याच दशकात काही लोकांनी साध्या घरांतच म्हाताऱ्यांसाठी दिवसभराची सोय सुरू केली. स्वीडनच्या अनुभवातून 'ग्रुप होम' आलं आणि १९९७ पासून त्याला सरकारी मदत मिळू लागली. यात पाच ते नऊ जण एकत्र राहतात. प्रत्येकाला स्वतंत्र खोली असते, स्वयंपाकघर सामायिक. भाजी चिरणं, कपड्यांच्या घड्या घालणं, हातांना आठवत असलेली कामं ते करत राहतात.

एप्रिल २००० मध्ये शुश्रूषा विमा सुरू झाला. चाळिशीपासून प्रत्येकाने हप्ता भरायचा. निम्मा पैसा हप्त्यांतून, निम्मा करांतून. कुटुंबाला रोख रक्कम द्यावी का, यावर मोठा वाद झाला. केइको हिगुची यांच्यासारख्या स्त्रियांनी विरोध केला. पैसे हातात टेकवले की सून आणखीच घरात बांधली जाईल, असं त्यांचं म्हणणं होतं. अखेर रोख न देता सेवा द्यायचं ठरलं.

शब्दही बदलला. 'चिहो' या जुन्या शब्दात मूर्खपणाचा अर्थ होता. २००४ मध्ये सरकारने त्याऐवजी 'निन्चिशो', म्हणजे आकलनाचा विकार, हा शब्द स्वीकारला. आपल्याकडे उर्दूत 'सठिया गये' आणि मराठीत 'साठी बुद्धी नाठी' अजून सर्रास चालतं.

तरी प्रश्न मिटला नव्हता. २००७ मध्ये आइची प्रांतातल्या ओबू इथे स्मृतिभ्रंश झालेले ९१ वर्षांचे गृहस्थ घराबाहेर पडले आणि रेल्वेखाली सापडले. ८५ वर्षांच्या पत्नीचा क्षणभर डोळा लागला होता. रेल्वे कंपनीने नुकसानभरपाई मागितली. २०१३ मध्ये नागोयाच्या न्यायालयाने पत्नी आणि थोरल्या मुलाला सुमारे ७२ लाख येन भरायला सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने १ मार्च २०१६ रोजी तो दावा फेटाळला. केवळ पत्नी किंवा मुलगा आहे म्हणून अशी जबाबदारी आपोआप येत नाही, असं न्यायालयाने सांगितलं.

जपानी माणसाचं आईबापावरचं प्रेम यामुळे आटलं असं कुणी म्हणणार नाही. एका बाईच्या पाठीवरचं ओझं अनेकांनी वाटून घेतलं, एवढंच.

आपल्याकडे २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा मुलांवर निर्वाहाची जबाबदारी टाकतो आणि निराधारांसाठी जिल्ह्यागणिक वृद्धाश्रमाची गोष्ट करतो. पण रात्री तीनदा उठून दार उघडणाऱ्या अब्बांना कोण सांभाळणार, याचं उत्तर त्यात नाही. मोहल्ल्यातला शादीखाना लग्नाचे दिवस सोडले तर बंदच असतो. तिथे रोज दुपारी चार तास अशा पाच-सात बुजुर्गांना बसवता येईल, पाळीपाळीने सोबत करता येईल. आणि त्या पाळ्यांमध्ये मुलांची, जावयांची नावंही असायला हवीत.