मुरुमाची वाट आणि राखलेले रान

गेल्या काही वर्षांत सायकलींच्या दुकानांतून ‘ग्रॅव्हल’ हा शब्द ऐकू येऊ लागला आहे. रस्त्यावरच्या सायकलीसारखी हलकी, पण जरा जाड टायरची, डांबर सोडून खडी-मुरुमाच्या वाटेने रानात नेणारी सायकल, असा त्याचा अर्थ. आम्ही काही मराठीचे अध्यापक रविवारी पहाटे शाहूपुरीतून निघतो, रंकाळ्याला वळसा घालून राधानगरीच्या रस्त्याला लागतो आणि संधी मिळाली की डांबर सोडतो. आमच्या सायकली तशा साध्याच. परंतु शब्दांशी रोजचा व्यवहार असल्यामुळे या नव्या शब्दाने आम्हाला थोडे अस्वस्थ केले. मुरुमावरून सायकल चालवणे हे नवे कधी झाले?

सायकलीचा इतिहास पाहिला तर गंमत वाटते. जॉन केंप स्टार्ली याची सारख्या चाकांची ‘रोव्हर’ 1885 सालची, डनलॉपचा हवेचा टायर 1888 सालचा. मात्र गुळगुळीत रस्त्यांसाठीची चळवळ त्याही आधी सुरू झाली होती, आणि ती मोटारवाल्यांनी नव्हे, सायकलवाल्यांनी उभारली. अमेरिकेत 1880 साली स्थापन झालेली त्यांची संघटना आणि इंग्लंडमध्ये 1886 साली निघालेली रस्ते-सुधार संस्था या दोहोंचे मागणे एकच होते : खडखडाट थांबवा. त्याच अमेरिकेत, कॅन्ससच्या फ्लिंट टेकड्यांत, 2006 पासून मुद्दाम खडीच्या रस्त्यांवरून शर्यत भरू लागली आणि तिचा बोलबाला जगभर झाला. पणजोबांनी जे मागून मिळवले त्यापासून पणतवंडे पळ काढत आहेत, असे म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडे हा प्रवास असा सरळ झालाच नाही. डांबर गावोगाव पोचण्यापूर्वी शाळामास्तर, पोस्टमन, दूधवाले सगळे मुरुमावरूनच सायकल हाकीत होते. काळी, जड, उंच चाकांची सायकल, मागे कॅरियरवर दुधाची किटली किंवा टपालाची पिशवी, आणि पावसाळ्यात मडगार्डात चिखल बसला की सायकलच खांद्यावर. त्याला कोणी छंद म्हटले नाही.

आम्ही जिथून निघतो त्या शाहूपुरीचा जन्मही याच काळातला. 1891 मध्ये मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली आणि 1895 मध्ये शाहू महाराजांनी स्टेशनालगत ही व्यापारी पेठ वसवली. गुळाच्या ढेपा घेऊन बैलगाड्या येत, त्या ज्या वाटांनी येत त्यांतल्या कित्येक आजही उसाच्या फडांमधून शिल्लक आहेत. आपल्या भाषेत या वाटांना जितकी नावे आहेत तितकी कदाचित डांबरी रस्त्यांना कधीच मिळणार नाहीत : गाडीवाट, पायवाट, ढोरवाट, घाटवाट, आणि आमची लाडकी पाणंद, दोन्ही बाजूंना बांध व कुंपणाची झाडी असलेली, शेतात नेणारी अरुंद वाट. विद्यार्थ्यांना वर्गात ‘पाणंद’ विचारला तर निम्मे गप्प बसतात. शासनाच्या ‘पाणंद रस्ते’ योजनेमुळे शब्द कागदावर तरी टिकला, हे मान्य केले पाहिजे. पाणंदीचा रस्ता झाल्यावर मात्र ती पाणंद राहत नाही.

हळदी, भोगावती मागे टाकून राधानगरीकडे सरकताना ऊस विरळ होतो आणि रान जवळ येते. माती तांबडी होते. हा जांभ्याचा मुलूख. माथ्यावर सपाट, उघडे सडे, उतारावर जांभूळ, अंजनी, हिरडा, ऐन, किंजळ यांची दाटी, खाली कारवी. चाकाखाली करकरणारा मुरूम त्याच जांभ्याचा चुरा असतो. याच जांभ्यात बॉक्साइटही असते. दुर्गमानवाडकडच्या खाणी त्याचसाठी निघाल्या. दाट झाडीत शिरताना उकाडा एका वळणावर एकदम तुटतो. हे सुख कसे सांगावे हे आम्हाला अद्याप जमलेले नाही, आणि भाषेचे अध्यापक म्हणून त्याची थोडी लाजही वाटते.

या रानाला ‘प्राचीन’ म्हणण्याचा मोह होतो. इंग्लंडमध्ये या शब्दाला हिशेब आहे : निदान 1600 सालापासून सलग वनाच्छादित असेल तेच प्राचीन रान. आपल्याकडे असा दाखला मागितला तर गोष्ट अवघड होते, कारण सह्याद्रीच्या उतारांवर माणूस पिढ्यान्‌पिढ्या कुमरी करीत आला, म्हणजे रान तोडून, जाळून, नाचणी-वरी पेरून पुढे सरकत आला. धनगरवाडे गुरे चारीत आले. दाजीपूरचे रान आज जे दिसते ते बऱ्याच अंशी राखलेले रान आहे, आणि राखले ते संस्थानच्या शिकारीसाठी. स्वातंत्र्यानंतर 1958 मध्ये तेथे राज्यातले पहिले अभयारण्य झाले, ‘बायसन’च्या नावाने. प्राणी आपला गवा. खरा बायसन या देशात नाहीच. 1985 मध्ये अभयारण्याचा विस्तार होऊन ते 351 चौरस किलोमीटरचे झाले आणि 2012 मध्ये पश्चिम घाटासोबत जागतिक वारसा यादीत गेले.

ज्या शाहू महाराजांनी सामाजिक न्यायाचा वसा घेतला, राधानगरीच्या धरणाचे काम हाती घेतले, त्यांच्याच छंदाने हे रान वाचवले, आणि कोणाला तरी त्याबाहेर ठेवूनच वाचवले. या दोन गोष्टी एकत्र धरणे आम्हाला जड जाते. पण एक सोडून दुसरी सांगणे हा इतिहास नव्हे. देवराईची तऱ्हा वेगळी. 1970च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास मांडला, तेव्हा विद्वानांच्या ध्यानात आले की वाळकी काटकीही न नेण्याचा देवाचा नियम गावाने स्वतःवर लादून घेतला होता. राजाच्या रानात पहारा दुसऱ्यावर होता, देवाच्या रानात स्वतःवर.

अभयारण्यात शिरायला वनखात्याची परवानगी लागते, म्हणून आम्ही बहुधा कडेकडेनेच हिंडतो. मागच्या हिवाळ्यात अशाच एका वाडीपाशी चेन उतरली. हात काळे करून बसलो असता एक वयस्क शेतकरी पाण्याचा तांब्या घेऊन आले.

“डांबरी सोडून हिकडनं कशाला आलासा, सर?”

आम्ही म्हणालो, शांत असतं, बरं वाटतं. त्यांनी वाटेकडे पाहिले. पावसाळ्यात सुनेला बाळंतपणासाठी याच वाटेवरून डोलीतून खाली न्यावे लागले होते, असे ते सांगू लागले. आवाजात तक्रार नव्हती. रस्ता मंजूर झाला आहे, पुढच्या साली डांबर पडेल.

“मग येताल न्हवं?” त्यांनी विचारले.

आम्ही हो म्हणालो. उतारावर मात्र बराच वेळ कोणी बोलले नाही. मुरूम तेवढा वाजत होता.