भिंतीच्या पोटातलं पाणी

भिंतीला ओल आली की आपण आधी बाहेर बघतो, पाऊस कुठून आला म्हणून. कोकणात पश्चिमेच्या भिंतीला झावळ्यांची झापं बांधतात, ती झड अडवायलाच. तरी जांभ्यात पाणी मुरतंच, पण पुढे ऊन पडलं की उडूनही जातं.

वॉटर्लूच्या हिवाळ्यात हा हिशोब उलटा होतो. इथे पाणी घरातून बाहेर निघतं, तेही वाफ होऊन. कुकरच्या शिट्ट्या, आंघोळी, वाळत घातलेले कपडे, आपला श्वास! घरात २१ अंश तापमान आणि ४० टक्के आर्द्रता असेल, तर साधारण ७ अंशांहून गार जागी ही हवा टेकली की दव धरतं. बाहेर उणे १५ असताना अशी जागा भिंतीच्या पोटात असतेच.

किचनरला बर्लिन म्हणत (नाव १९१६ साली बदललं), त्या काळची इथली कितीतरी घरं भरीव विटांची. घर गारठायचं, कोळसा भरपूर लागायचा. पण आतली ऊब विटांतून झिरपायची, त्यामुळे वीट कोरडी राहायची. पुढे लाकडी सांगाड्याच्या पोकळीत कापसासारखी लोकर भरू लागले. घर उबदार झालं, पण बाहेरची फळी थंड पडली आणि दव तिच्यावर धरू लागलं. उपाय म्हणून आतल्या बाजूला वाफ अडवणारा कागद आणि नंतर प्लास्टिक आलं.

कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९४७ साली इमारतींसाठी वेगळा विभाग काढला. तिथल्या नील हचिअन यांनी १९५३ साली बाहेरच्या भिंतीने काय काय सांभाळायचं ते मांडलं: उष्णता, हवा, वाफ, पाऊस, सगळं एकदम. १९६१ साली ए. जी. विल्सन यांनी फटींतून होणाऱ्या हवेच्या गळतीवर लिहिलं. माझ्या मते खरी मेख इथेच आहे. प्लास्टिक कितीही चांगलं असो, विजेच्या खोक्याभोवतीच्या फटीतून हवेबरोबर कितीतरी जास्त वाफ निसटते.

आता गंमत बघा. जुन्या विटांच्या घराला आतून फोम मारला की बिल उतरतं, पण वीट थंड पडते आणि पावसात भिजली तर लवकर वाळत नाही. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. भिजून तट्ट झालेल्या विटेचे पापुद्रे सुटू लागतात. सगळ्याच विटा फुटतात असं मात्र नाही. कुठली वीट किती ओली झाल्यावर फुटते, हे मोजायची पद्धत पीटर मेन्सिंगा, जॉन स्ट्रॉब आणि क्रिस शूमाकर यांनी २०१० साली मांडली, तीही आपल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या परिसरातूनच.

तेव्हा मंडळी, असं घर घेतलंत आणि कंत्राटदार 'आतून फोम मारून टाकू' म्हणाला, तर आधी पन्हळी, खिडक्यांखालच्या कडा आणि जमिनीलगतच्या विटा बघून घ्या. तिथे पाणी ओघळत असेल तर ते आधी थांबवा. दोन-चार विटा काढून तपासायला दिल्या तर आणखी बरं.