चकली गृहउद्योग

चकली गृहउद्योग हा महाराष्ट्रात घरगुती पातळीवर तसेच महिला बचत गटांमार्फत चालणारा लघुउद्योग आहे. भाजणीच्या पिठाची उकड सोऱ्यातून वेटोळ्यांच्या आकारात पाडून तेलात तळल्यावर चकली तयार होते. दक्षिण भारतातील मुरुक्कू व चक्कुली हे तिच्या जवळचे प्रकार होत. जर्मनीतील प्रेट्झेलही वळणदार असतो; मात्र तो गव्हाच्या आंबवलेल्या कणकेचा असून भट्टीत भाजतात. मूळचा खमंगपणा राखून नवे स्वाद तयार करणे हे या उद्योगातील महत्त्वाचे कौशल्य आहे.

मूळ स्वाद

भाजणीत तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, मूग डाळ, धणे व जिरे असतात. तांदळाच्या निम्मी हरभरा डाळ व पाव भाग उडीद डाळ हे एक प्रचलित प्रमाण आहे. प्रत्येक धान्याला लागणारा वेळ निराळा असल्याने ती वेगवेगळी, मंद आचेवर भाजतात. धान्य करपल्यास त्याचा कडवटपणा साऱ्या पिठात उतरतो आणि मसाल्याने झाकला जात नाही. मोहन कमी पडल्यास चकली कडक होते. अधिक झाल्यास ती तेलात विरघळते.

नवे स्वाद

लसूण, पालक, पुदिना, टोमॅटो व लोणी यांच्या चकल्या प्रचलित आहेत. ओला घटक घातल्यास उकडीचे पाणी त्या प्रमाणात कमी करावे लागते. टोमॅटोतील साखरेमुळे चकली बाहेरून लवकर लाल होते व आतून कच्ची राहू शकते. म्हणून पिठाचे वजन कायम ठेवून एका वेळी एकच घटक बदलणे व प्रमाणांची नोंद ठेवणे उपयुक्त ठरते. मऊ पडणे व खवटपणा हे दोष उशिरा प्रकट होत असल्याने काही दिवस साठवलेल्या चकलीचीही चव पाहणे आवश्यक असते. भांडवल अल्प असल्यामुळे बिघडलेल्या एका खेपेने कच्चा माल व श्रम वाया जातात, शिवाय बांधलेले गिऱ्हाईकही तुटते.

हिंगोली जिल्हा

हिंगोली जिल्हा हळदीसाठी प्रसिद्ध असून वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळद चकलीच्या मसाल्यातील नेहमीचा घटक आहे. मराठवाड्यातील प्रमुख धान्य असलेल्या ज्वारीच्या पिठाचीही चकली करतात. त्या पिठाला चिकटपणा कमी असल्याने उकड नीट मळावी लागते. कळमनुरी तालुक्यातील वारंगा फाटा येथे राष्ट्रीय महामार्ग १६१ व ३६१ एकत्र येतात. अशा ठिकाणी प्रवासात नेण्यासाठी विकल्या जाणाऱ्या चकलीच्या बाबतीत हवाबंद वेष्टन व टिकाऊपणा यांना चवीइतकेच महत्त्व असते.

कायदा व साहाय्य

अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ अन्वये विक्रीसाठी खाद्यपदार्थ बनवणाऱ्या लहान उत्पादकांनाही नोंदणी करावी लागते. वेष्टनावर घटक, निव्वळ वजन व उत्पादनाची तारीख छापणे बंधनकारक आहे. त्यामुळे स्वाद बदलल्यास घटकांची यादीही बदलावी लागते. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत वैयक्तिक उद्योजक व बचत गटांसाठी अर्थसाहाय्याची तरतूद करण्यात आली.