यादीतलं नाव

आपल्या १९९६च्या तुकडीला यंदा तीस वर्षं होताहेत. स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिही, असं समितीने मला सांगितलं तेव्हा आधी हसू आलं. मी इंजिनिअर झाले, सॉफ्टवेअरमध्ये रमले. इतिहासात मला कधी साठाच्या वर गुण पडले नाहीत. पण बाईंनी घोटून घेतलेली तीन शीर्षकं अजून डोक्यात आहेत: पार्श्वभूमी, घटना, परिणाम. त्याच क्रमाने लिहिते.

विषय आहे आपल्या वर्गातली एक मैत्रीण, आणि तिच्या निमित्ताने मी वाचलेला मुंबईचा इतिहास. "लिहायचं तर लिही, पण माझं नाव छापू नकोस," असं तिने बजावलंय. उजव्या पायात कॅलिपर, तिसऱ्या बाकावर भिंतीकडची जागा, निबंधात कायम पहिली. एवढ्यावरून वर्गातल्या सगळ्यांना ती आठवेलच.

आधी पार्श्वभूमी.

१९४७ साली देश स्वतंत्र होत असताना मुंबईत फातिमा इस्माईल या बाई पोलिओ झालेल्या मुलांसाठी उपचार केंद्र उभं करत होत्या. त्यांच्या स्वतःच्या मुलीला पोलिओ झाला होता. तिला घेऊन त्या मद्रासला डॉ. किणी यांच्याकडे गेल्या, तिथले उपचार पाहिले आणि असे उपचार मुंबईतल्या इतर मुलांनाही मिळायला हवेत, असं त्यांनी ठरवलं. त्यांच्या संस्थेचं काम पुढे हाजी अलीला वाढलं. १९५८ साली त्यांना पद्मश्री मिळाली, नंतर त्या राज्यसभेतही गेल्या.

कमलाताई निंबकर जन्माने अमेरिकन, लग्नानंतर मराठी घरात आल्या. चाळिशी उलटल्यावर त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या आणि अमेरिकेत व्यवसायोपचार शिकून आल्या. आजारानंतर किंवा अपंगत्व आल्यावर माणसाला जेवणं, कपडे घालणं, लिहिणं, कमावणं पुन्हा जमावं म्हणून दिलं जाणारं हे शिक्षण. १९५० साली त्यांनी केईएम रुग्णालयात त्याचं विद्यालय सुरू केलं. फलटणची कमला निंबकर बालभवन ही मराठी शाळा त्यांच्याच नावाची.

तिसऱ्या मिठू आलूर. मुलगी मालिनी हिला जन्मतः सेरेब्रल पाल्सी. १९७२ साली कुलाब्याला अवघ्या तीन मुलांना घेऊन त्यांनी स्पॅस्टिक्स सोसायटीची शाळा काढली. ही मुलं शिकू शकत नाहीत, असंच तेव्हा बहुतेकांना वाटे. मालिनी पुढे सेंट झेवियर्समधून पदवीधर झाली, लंडनला शिकली, तिने आत्मचरित्रही लिहिलं.

या तिघींच्या गोष्टींत मला एक समान धागा दिसतो. आपल्या घरातला किंवा आपल्यासमोरचा प्रश्न घेऊन त्या आधी शिकायला गेल्या आणि शिकलेलं घरापुरतं ठेवलं नाही.

असं शिक्षण देणारी एक जागा तर आपल्या घाटकोपरपासून अगदी जवळ आहे. १९३६ साली क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मिशनऱ्याच्या पुढाकाराने नागपाड्याला सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची शाळा निघाली. भारतातली ही पहिली. पुढच्याच वर्षी तिने मुलांच्या मानसिक अडचणींसाठी मार्गदर्शन केंद्र काढलं, तेही देशातलं पहिलं. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. १९५४ साली ती देवनारला आली. आपल्याला देवनार म्हटलं की कचऱ्याचा डोंगर आणि कत्तलखाना आठवायचा. घाटकोपरहून बसने जाताना त्या फाटकाकडे मी एकदाही वळून पाहिलं नव्हतं.

आता घटना. या दोन आहेत.

पहिली आपल्या नववीतली. वर्गाची सहल बोरिवलीला, कान्हेरीच्या लेण्यांना जायची होती. मी मॉनिटर. नावं आणि पैसे गोळा करायचं काम माझ्याकडे. तिने सगळ्यांच्या आधी पैसे आणून दिले होते. "तिथे पायऱ्या फार आहेत, तिला झेपणार नाही," असं मोठ्यांपैकी कुणीतरी म्हणालं आणि मी यादीतल्या तिच्या नावावर रेघ मारली. तिला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पैसे परत दिले, तेव्हा तिने ते मोजून कंपासपेटीत ठेवले. एक शब्द बोलली नाही. सहलीहून आम्ही आलो ते गाणी म्हणत. सोमवारी तिने मला विचारलं, "लेणी कशी होती गं?" मी म्हटलं, "ठीक होती, फार काही नव्हतं." खोटं होतं ते.

दुसरी घटना देशाची. अपंग व्यक्तींना समान संधी देणारा कायदा डिसेंबर १९९५मध्ये संसदेत मंजूर झाला आणि ७ फेब्रुवारी १९९६ला लागू झाला. आपण तेव्हा दहावीच्या सराव परीक्षेत बुडालो होतो. अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षण, सरकारी नोकऱ्यांत तीन टक्के राखीव जागा अशा तरतुदी त्यात होत्या. पण रस्ते, इमारती, वाहनं सोयीची करण्याच्या कलमांना एक शेपूट होतं: आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. म्हणजे पैसे असतील तेव्हा. त्याआधी १९९१च्या जनगणनेत तर अपंगत्वाचा प्रश्नच नव्हता. म्हणजे मी यादीतून तिचं एक नाव कापलं होतं, देशाने सगळ्यांचीच.

२००१च्या जनगणनेत तो प्रश्न आला. तिने नंतर सांगितलेली गोष्ट अशी: घरी आलेले गुरुजी संकोचाने तो रकाना सोडून पुढे जात होते. तिने त्यांना थांबवलं. "सर, तो प्रश्न विचारा. मोजलंच नाही तर मिळणार काय?" त्या वेळी देशभर २ कोटी १९ लाख माणसं मोजली गेली, २०११मध्ये २ कोटी ६८ लाख. त्या पहिल्या आकड्यात एक ती.

त्याच वर्षी तिला देवनारला प्रवेश मिळाला. अपंगत्वाचा वेगळा अभ्यासक्रम तेव्हा तिथे नव्हता. वैद्यकीय आणि मानसोपचार समाजकार्य हा विषय तिने घेतला. समाजकार्याच्या शिक्षणात अर्धा जीव फील्डवर्कमध्ये असतो: आठवड्यातले ठरलेले दिवस वस्तीत किंवा रुग्णालयात. तिला गोवंडीतली वस्ती मिळाली. पालकांची पहिली सभा बालवाडीत, माळ्यावर ठेवलेली. सगळे वर जमले. ती कॅलिपर सावरत लोखंडी शिडीपाशी पोहोचली तर खाली कुबड्या घेतलेले एक काका बसलेले. "तुम्ही व्हा पुढे, मी इथून ऐकतो," म्हणाले. ती वर गेलीच नाही. निरोप पाठवून तिने सगळ्यांना खाली बोलावलं आणि सभा गल्लीत, नळाशेजारी झाली. पुढची दोन वर्षं प्रत्येक सभा तिथेच.

अपंगत्वाच्या दाखल्यासाठी हेलपाटे घालणाऱ्या आयांचे अर्ज ती स्वतः भरून देत नसे. एका आईला शिकवायची आणि त्या आईने पुढच्या दोघींना शिकवायचं. आम्ही मैत्रिणी म्हणायचो, अगं, तू भरलेस तर दहा मिनिटांत होतील. ती म्हणायची, "माझी दोन वर्षं संपल्यावर कोण भरणार?" पुढारीपण म्हणजे काय, हे मी पुढे कंपनीच्या प्रशिक्षणांत पुष्कळ ऐकलं. त्या गल्लीपेक्षा जास्त काही हाती लागलं नाही.

आता परिणाम.

ब्रिटनमधल्या अपंग कार्यकर्त्यांनी १९७०च्या दशकात एक विचार मांडला होता: माणसाच्या शरीरात काही उणं असेल, पण त्याला अपंग करते ती शिडी. २००६च्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराने त्याला जगभर मान्यता दिली. भारताने २००७ साली करार स्वीकारला आणि त्यातून २०१६चा नवा कायदा आला. सातच्या जागी एकवीस प्रकारची अपंगत्वं, तीनाच्या जागी चार टक्के राखीव नोकऱ्या, सार्वजनिक इमारती सोयीच्या करायला मुदत. देवनारलाही अपंगत्वाच्या अभ्यासासाठी स्वतंत्र केंद्र झालं. तिला झाला तो आजारच आता इथून गेला. जानेवारी २०११नंतर भारतात नैसर्गिक (वन्य) पोलिओ विषाणूचा रुग्ण सापडला नाही, २०१४ साली देश पोलिओमुक्त ठरला. त्याच वर्षी जूनमध्ये वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो सुरू झाली, लिफ्टसह. तिने मला फोन केला, "अंधेरीला जाऊन आले. एकटी. दम न लागता."

माझ्या कामावरही याचा परिणाम झाला. आम्ही बनवलेल्या एका अर्जातल्या बटणांना नावंच दिलेली नव्हती. स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या अंध माणसाला प्रत्येक ठिकाणी नुसतं "बटण, बटण" ऐकू यायचं. चूक माझ्या टीमची होती. दुरुस्तीला एक दिवस पुरला. इतक्या महिन्यांत कुणी विचारलं मात्र नव्हतं.

या मेळाव्याची जागा ठरवताना समितीने दुसऱ्या मजल्यावरचा हॉल पक्का केला होता. अडीचशे माणसं मावतात, पंखे चांगले. मी येणाऱ्यांची यादी करत होते. या वेळी तिला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "येईन गं. दोन मजले चढेन, बसून बसून." मी तो फोन समितीच्या बैठकीत सांगितला. थोडा वाद झाला, मांडवाचा खर्च वाढला, पण मेळावा खाली पटांगणात होतोय. गुडघे दुखतात म्हणून न येणाऱ्या आपल्या दोन बाईही आता येताहेत.

एक सूचना करून थांबते. मेळाव्यातून उरणाऱ्या निधीतून दरवर्षीप्रमाणे ढाल किंवा घड्याळ न देता शाळेच्या मुख्य दारापाशी उतार बांधून द्यावा. पायऱ्या तीनच आहेत. तिच्याबरोबर रोज चढूनही मी दहा वर्षांत त्या कधी मोजल्या नव्हत्या. गेल्या महिन्यात शाळेत जाऊन मोजल्या.

आणि हो, कान्हेरीला आम्ही दोघी जाणार आहोत. खालच्या लेण्यांपर्यंत. पैसे या वेळी मी आधी भरलेत.