लोणार सरोवर
चहूबाजूंनी जमिनीने वेढलेल्या खोलगट भागात साठलेले, समुद्राशी थेट न जोडलेले पाणी म्हणजे सरोवर. नदी वाहती असते, खाडीत भरती-ओहोटी खेळते. महाराष्ट्रातले बहुतेक मोठे जलसाठे बांध घालून अडवलेले आहेत. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार मात्र नैसर्गिक आहे, आणि त्याची जडणघडण विलक्षणच: बेसाल्ट खडकावर अशनी आदळून सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर तयार झाले. काठचे गोड्या पाण्याचे झरे त्यात उतरतात, पण पाण्याला बाहेर वाट नाही. ते बाष्पीभवनाने उडते आणि क्षार मागे राहतात. म्हणून हे पाणी खारट व अल्कधर्मी आहे. जून २०२० मध्ये पातळी घटून क्षारता वाढली, तेव्हा मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे ते गुलाबी झाले होते.