शेक्सपिअरची पात्रे आणि मराठी नाटक

इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत (१५५८–१६०३) लंडनमध्ये धंदेवाईक नाटक मंडळ्या उभ्या राहिल्या. त्यांच्यासाठी लिहिल्या गेलेल्या सुखात्मिका, शोकात्मिका आणि इतिहासनाटके यांतील पात्रे मराठीत कशी आली, कोणती रुजली, कोणती उंबऱ्यापाशीच थांबली, याचा विचार या नोंदीत केला आहे. ही त्रिविध विभागणी १६२३ मध्ये निघालेल्या शेक्सपिअरच्या पहिल्या एकत्रित आवृत्तीतली. तिच्यातील ३६ नाटकांपैकी १४ सुखात्मिका व १० इतिहासनाटके असून उरलेली शोकात्मिकांत जमा आहेत. काटेकोर बोलायचे तर ‘ऑथेल्लो’, ‘किंग लिअर’ आणि ‘मॅक्बेथ’ ही राणीच्या मृत्यूनंतरची, पहिल्या जेम्सच्या काळातली. मराठी समीक्षेने मात्र ती सर्रास एलिझाबेथन म्हणूनच धरली आणि येथेही तोच शिरस्ता पाळला आहे. मार्लो आणि बेन जॉन्सन आपल्याकडे कॉलेजच्या वर्गाबाहेर फारसे पडले नाहीत. मराठी रंगभूमीपुरता एलिझाबेथन नाटककार एकच.

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हापासूनच्या पौराणिक खेळांत पात्राचा स्वभाव त्याच्या प्रवेशाआधीच ठरलेला असे. सूत्रधार पदे म्हणे, विदूषक मध्ये तोंड घाली, राक्षस आरोळी ठोकून येई. तो राक्षस आहे हे कळले की त्याच्याविषयी कळण्यासारखे दुसरे काही उरत नसे. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि शेक्सपिअर अभ्यासून बाहेर पडलेली पहिली पिढी भाषांतराला बसली. महादेवशास्त्री कोल्हटकर यांचा ‘ऑथेल्लो’ १८६७ चा. नीलकंठ जनार्दन कीर्तने यांचे ‘टेंपेस्ट’ १८७५ चे. विष्णु मोरेश्वर महाजनी यांनी ‘सिंबेलाइन’वरून ‘तारा’ (१८७९) रचले. बडोद्यात त्याचा प्रयोग पाहून हॅरल्ड लिटलडेल या इंग्रज प्राध्यापकाने विलायतेतल्या मासिकात लेख लिहिला. शंकर मोरो रानडे यांनी १८८१ मध्ये ‘लिअर’चे ‘अतिपीडचरित’ केले. या नाटकांना ‘बुकिश’ म्हणत आणि त्या म्हणण्यात थोडा टोमणाही असे. पुष्कळशी भाषांतरे छापली गेली, वाचली गेली आणि कपाटात गेली. टिकली ती नटाच्या तोंडी बसलेली.

शोकात्मिका. मराठीने शेक्सपिअरकडून सर्वांत आधी आणि सर्वांत मनापासून घेतला तो स्वतःशी भांडणारा नायक. संस्कृत नाटकात स्वगत होते, पण त्यात पात्र मनातले प्रेक्षकाला सांगून मोकळे होई. हॅम्लेटचे स्वगत निर्णय लांबवते आणि त्या लांबवण्यातच माणूस उघडा पडतो. गोपाळ गणेश आगरकर यांनी ‘हॅम्लेट’चे रूपांतर ‘विकारविलसित’ (१८८३) या नावाने केले. कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि ते १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते, त्याच्या पुढच्याच वर्षी हे पुस्तक निघाले. हॅम्लेटचा येथे चंद्रसेन झाला आणि ऑफेलियाची मालिनी.

या रूपांतरातली अवघड जागा राणीची आहे. राजा मरतो आणि काही आठवड्यांत राणी दिराशी लग्न लावते. १८५६ च्या कायद्याने विधवाविवाहाला मान्यता दिली असली तरी पांढरपेशा मराठी घरांत तो विषय निघाला की भांडी वाजत. अशा प्रेक्षकाला चंद्रसेनाचा संताप समजावून सांगावा लागला नसणार. गंमत अशी की मूळ इंग्रजी प्रेक्षकाचीही स्थिती निराळी नव्हती. भावाच्या विधवेशी लग्न हे तिकडच्या धर्मशास्त्रात निषिद्ध नात्यात मोडे आणि आठव्या हेन्रीने पहिल्या बायकोला सोडताना नेमके हेच कारण पुढे केले होते. विधवांच्या बाजूने पुढे ‘सुधारका’त लेखणी झिजवणाऱ्या आगरकरांनी तरुणपणी हेच नाटक निवडावे, यात विसंगती शोधणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे : चंद्रसेनाला पुनर्विवाहापेक्षा घाई खुपते आणि त्या घाईमागे खून आहे.

‘विकारविलसित’ जगले ते साताऱ्यास १८८१ मध्ये निघालेल्या शाहूनगरवासी नाटक मंडळीमुळे, म्हणजे मुख्यतः गणपतराव जोशी (१८६७–१९२२) यांच्यामुळे. गणपतरावांचे शालेय शिक्षण बेताचे. फर्ग्युसन कॉलेजातले इंग्रजीचे प्राध्यापक वासुदेव बाळकृष्ण केळकर त्यांना भूमिका समजावून देत. प्राध्यापकाने अर्थ सांगायचा आणि नटाने तो आवाजात उतरवायचा, ही जोडी मराठी रंगभूमीच्या भाग्याची म्हटली पाहिजे. सगळीकडे संगीत नाटकांचा सुकाळ होता. किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० मध्ये येऊन गेले होते आणि प्रेक्षक पदांना वन्समोर देण्यात दंग होता. त्या दिवसांत एका गद्य मंडळीने तंबोरा न लावता, केवळ बोलण्याच्या बळावर थिएटर भरवले. सोलापूरपर्यंत रेल्वे १८६० मध्येच आली होती. पुढे गिरण्या निघाल्या, गावात रोख पैसा खेळू लागला आणि मुंबई-पुण्याच्या पलीकडचे असे मुक्काम फिरत्या मंडळ्यांच्या हिशेबात आले. हॅम्लेटचे इंग्रजी नाव कधी कानावर न पडलेल्या प्रेक्षकाला चंद्रसेन ठाऊक झाला, तो या फिरतीमुळे.

‘ऑथेल्लो’चे नशीब थोडे वेगळे. कोल्हटकरांच्या भाषांतराचा आधार घेऊन गोविंद बल्लाळ देवल यांनी ‘झुंजारराव’ (१८९०) लिहिले. नायक झुंजारराव, त्याची पत्नी कमळजा आणि कान भरणारा जाधवराव, म्हणजे मूळचा इयागो. मूळ नाटकात काळ्या सेनापतीशी गोऱ्या मुलीने केलेले लग्न हा सगळ्या आगीचा पाया आहे. मराठीत तो पाया निसटतो आणि उरतो निखळ संशय. त्यामुळे नाटकाचा आशय अरुंद झाला हे खरेच, पण जाधवराव मात्र मोठा झाला. कारण न देता वाईट वागणारा, गोड बोलून घर फोडणारा हा माणूस मराठी नाटककारांनी पुन्हा पुन्हा वापरला. राम गणेश गडकरी यांच्या ‘भावबंधन’मधला घनश्याम हा त्याच गोत्रातला.

‘मॅक्बेथ’वरून शिवराम महादेव परांजपे यांनी ‘मानाजीराव’ केले, तेही शाहूनगरवासी मंडळीसाठी. पुढे वि. वा. शिरवाडकरांनी त्याच नाटकाचे ‘राजमुकुट’ (१९५४) केले आणि त्यात दुर्गा खोटे उभ्या राहिल्या. या दोन प्रयोगांच्या मधल्या काळात मराठी रंगभूमीवर स्त्रीच्या भूमिका पुरुषांकडून स्त्रियांकडे आल्या.

शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ हे रूपांतर म्हणवून घेत नाही, आणि ते योग्यच आहे. दि गोवा हिंदु असोसिएशनने २३ डिसेंबर १९७० रोजी मुंबईत बिर्ला मातुश्री सभागारात त्याचा पहिला प्रयोग केला. दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकरांचे, अप्पासाहेब बेलवलकर डॉ. श्रीराम लागू. लिअरपाशी राज्य आहे, अप्पासाहेबांपाशी निवृत्त नटाची पुंजी. ती ते मुलगा नंदा आणि मुलगी नलू यांना वाटून टाकतात. लिअरची बायको नाटकात नाहीच. येथे कावेरी आहे, अप्पासाहेबांची ‘सरकार’. या एका भरीमुळे मराठी नाटकाचा तोल बदलतो. लिअर एकटा वेडा होतो. अप्पासाहेबांचा अपमान आधी कावेरीच्या डोळ्यांत दिसतो आणि ती गेल्यावर त्यांना आवरणारे कोणी राहत नाही. मुलगी बापावर चोरीचा आळ घेते तो प्रवेश शेक्सपिअरमध्ये नाही. तो आपल्या मध्यमवर्गीय घरातला आहे, आणि म्हणूनच थिएटरात बसलेल्यांना अधिक लागतो. धाकटी, खरी मुलगी कॉर्डिलिया हिची जागा मात्र रिकामी ठेवली आहे. तिची माया वाट्याला येते ती बूटपॉलिश करणाऱ्या राजाकडून. लिअरच्या वादळी माळरानाच्या ठिकाणी शहरातला रस्ता आला. शिवाय बेलवलकर स्वतः आयुष्यभर शेक्सपिअरची पात्रे रंगवलेले नट असल्याने हॅम्लेटचा जगण्यामरण्याचा प्रश्न ते पाठ म्हणूनही बोलतात आणि स्वतःचा म्हणूनही. त्यांचे नाव गणपतराव, आणि ‘नटसम्राट’ ही पदवी लोकांनी एकेकाळी गणपतराव जोशी यांना दिलेली. हा योगायोग मानणे कठीण आहे. ‘किंग लिअर’चे निष्ठावंत भाषांतर विंदा करंदीकरांनी ‘राजा लिअर’ (१९७४) मध्ये केले आणि अभ्यासकांनी ते वाचावेच. प्रेक्षकाचा लिअर मात्र बेलवलकरच राहिला. सोलापूरसारख्या केंद्रांवर राज्य नाट्य स्पर्धेसाठी उभ्या राहणाऱ्या हौशी नटांपैकी ज्याने आरशासमोर बेलवलकरांचे स्वगत म्हणून पाहिले नाही, असा विरळाच.

सुखात्मिका. येथे देवघेव पातळ आहे. शेक्सपिअरच्या सुखात्मिकांचा जीव वेषांतरात असतो : रोझलिंड किंवा व्हायोला पुरुषवेष घेते आणि त्या आडून प्रेमाची परीक्षा पाहते. लंडनमध्ये या नायिका मुलगेच करत. म्हणजे मुलगा मुलीचे सोंग घेई आणि ती मुलगी पुन्हा मुलाचे. मराठीतही स्त्रीपार्टी नट होते, तेव्हा हा खेळ येथे सहज जमायला हवा होता. पण मराठी प्रेक्षकाला स्त्रीपार्टी नटाचे शालू, दागिने, चालणे यांतच सुख होते. त्याने लुगडे सोडून पुन्हा धोतर नेसावे, अशी कोणाची फर्माईश नव्हती. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘वीरतनय’ (१८९६) आणि ‘मूकनायक’ (१९०१) यांत गुंतागुंतीची कथानके, सोंगे आणि कोटीबाज संवाद आणले खरे. त्यात शेक्सपिअरइतकाच मोलिएरही आहे.

अपवाद ‘त्राटिका’चा. हटवादी बायकोला नवरा वठणीवर आणतो, या सुखात्मिकेचे केळकरांनी १८९१ च्या सुमारास केलेले हे रूपांतर शाहूनगरवासी मंडळीचे हुकमी नाटक ठरले. प्रतापराव गणपतराव जोशी, त्राटिका बळवंतराव जोग. लग्नानंतर प्रतापराव बायकोला उपाशी ठेवतो, पुढ्यात आलेले अन्न खोड काढून परत धाडतो, आणि हे सगळे तिच्यावरच्या प्रेमापोटी चालले आहे असे दाखवतो. सून सासरी आली की तिला ‘वळण लावायचे’ असते, हे गृहीत धरणाऱ्या समाजाला हा विनोद परका वाटला नाही. आज तो वाचताना हसू आवरते घ्यावे लागते. इंग्लंडातही या नाटकाची तीच पंचाईत झाली असून दिग्दर्शक शेवटचे भाषण उपरोधाने म्हणवून घेतात. मराठीला ती वाट शोधावी लागली नाही, कारण ‘त्राटिका’ रंगभूमीवरूनच मागे पडले.

इतिहासनाटके. दहा इंग्रजी राजनाटकांपैकी एकही मराठीत ‘हॅम्लेट’सारखे घरचे झाले नाही. लँकेस्टर आणि यॉर्क घराण्यांच्या वंशावळीशी येथल्या प्रेक्षकाला देणेघेणे नव्हते, आणि त्याच्याजवळ स्वतःच्या बखरी होत्या. तेव्हा राजे आपले आणि मांडणी त्यांची, असा व्यवहार ठरला. विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ (१८६१) हे पहिले स्वतंत्र मराठी ऐतिहासिक नाटक आणि शेवट शोकात करणारेही पहिलेच. महादेवशास्त्री कोल्हटकरांच्या ‘ऑथेल्लो’पेक्षा ते सहा वर्षांनी वडील आहे. म्हणजे शेक्सपिअरची छाया भाषांतराआधीच येथे पोचली होती.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी हा व्यवहार पुढे नेला. ‘सवाई माधवरावांचा मृत्यू’ मध्ये १७९५ साली शनिवारवाड्यातून पडून मेलेला तरुण पेशवा हॅम्लेटसारखा दोलायमान आहे आणि त्याच्या कानाशी इयागोच्या जातीचा केशवशास्त्री आहे. दोन वेगळ्या शोकात्मिकांतली माणसे एका वाड्यात आणून सोडण्याचे हे धाडस शेक्सपिअरच्या देशातही कोणी केल्याचे आठवत नाही. ‘भाऊबंदकी’त (१९०९) नारायणरावाचा १७७३ मधला खून आहे. राघोबाला पुढे ढकलणारी आनंदीबाई लेडी मॅक्बेथची आठवण करून देते, पण ‘ध’चा ‘मा’ करणारी बाई मराठी माणसाला मॅक्बेथ वाचण्यापूर्वीच माहीत होती. फरक पडतो शेवटाला. मॅक्बेथला रणात मारता येते; राघोबा इतिहासात खुनानंतर दहा वर्षे जगला, त्याला नाटककार मारणार कसा? मग सगळे वजन रामशास्त्री प्रभुण्यांवर येते. गादीवर बसलेल्याला देहान्त प्रायश्चित्त सांगणारा न्यायाधीश, आणि तेही ब्रिटिश अमलात, टिळकांना मंडालेस धाडल्यानंतरच्या वर्षी. प्रेक्षक त्या प्रवेशात पेशवाईपलीकडचे काही ऐकत होता, यात शंका नाही.

शेक्सपिअरच्या इतिहासनाटकांत एक पात्र राजांनाही झाकून टाकते : ‘चौथा हेन्री’मधला लठ्ठ, थापाड्या, दारूबाज सरदार फॉल्स्टाफ. युवराजाला त्याची संगत आवडते आणि मुकुट डोक्यावर येताच तोच युवराज त्याला ओळख दाखवत नाही. मराठी ऐतिहासिक नाटकात अशाला जागा मिळाली नाही. आपल्या बखरनाटकांत हसणे हे हुजऱ्यांचे आणि भटाभिक्षुकांचे काम, त्याने सिंहासनाजवळ यायचे नसते. फॉल्स्टाफचे जवळचे मराठी भावंड शोधायचे तर ते गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मध्ये (१९१९) सापडते. आर्यमदिरामंडळाचा तळीराम सुधाकराला पहिला पेला देतो, दारूच्या समर्थनार्थ बिनतोड भासणारे युक्तिवाद करतो आणि स्वतःच्या शेवटच्या दुखण्यातही थिएटर हसवतो. फॉल्स्टाफला त्याचा मित्र दूर लोटतो आणि वाचतो. सुधाकराला तळीराम दूर लोटणे जमत नाही, आणि तळीराम मेल्यावरही प्याला हातातच राहतो.